मेंदूच्या लहरी आणि माणसाची ओळख

मेंदूतील पेशींच्या कामातून विजेचे अतिसूक्ष्म तरंग निर्माण होतात. डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावले की ते आलेखात उमटतात. हाच ईईजी. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा असा आलेख १९२४ मध्ये प्रथम घेतला. फेफऱ्याच्या निदानासाठी डॉक्टर तो आजही वापरतात.

तेच चित्र दोघांनी पाहिले, तरी त्यांच्या आठवणी आणि आवडीनिवडी वेगळ्या असल्याने मेंदूचा प्रतिसाद वेगळा येतो. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाने २०१६ मध्ये पन्नास जणांना पाचशे चित्रे दाखवली आणि केवळ लहरींवरून प्रत्येकाला अचूक ओळखले.

हिंगोली जिल्ह्यात शरीराच्या खुणेवरून ओळख पटवण्याचा प्रश्न रोजच्या जगण्याशी जोडलेला आहे. हळद खणून, शिजवून आणि मातीत राबून बोटांवरच्या रेषा झिजतात. मग रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र अंगठा ओळखत नाही. शिवाय अंगठ्याचा ठसा चोरीला गेला, तर दुसरा अंगठा आणता येत नाही. मेंदूची खूण चोरीला गेली, तर चित्रे बदलून नवी खूण घेता येते. हे या पद्धतीचे मोठे बळ आहे.

अडचणीही आहेत. डोक्यावर इलेक्ट्रोड बसवावे लागतात. झोप, थकवा, औषधे, एवढेच काय, पापणीची उघडझापही आलेख बिघडवते. त्यामुळे रेशन दुकानापेक्षा अतिसुरक्षित कार्यालयांनाच ही पद्धत आधी उपयोगी पडेल.

खरा धोका वेगळा आहे. बोटाचा ठसा माणूस कोण एवढेच सांगतो, मेंदूच्या लहरींतून मात्र त्याच्या आजाराचा आणि मनःस्थितीचाही माग लागू शकतो. पुण्यात २००८ मध्ये एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूलहरींची चाचणी पुरावा म्हणून मान्य झाली आणि जगभर वाद उठला. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्याच्या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी संमतीशिवाय करण्यास मनाई केली. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) ला मान्य नाही.

हा निकाल गुन्ह्याच्या तपासापुरता असला, तरी त्यातील तत्त्व ओळखीच्या यंत्रालाही लागू व्हायला हवे. माणसाच्या खुल्या संमतीवाचून त्याच्या मेंदूची नोंद कोणीही घेऊ नये, आणि नोंद दिली नाही म्हणून कोणाचे धान्य अडू नये.