आधी मोजा, मग बोला



साहित्यात स्त्री-पुरुष असं काही नसतं, फक्त चांगलं आणि वाईट लेखन असतं, असं माझ्या आधीचे वक्ते म्हणाले. टाळ्याही पडल्या. मला ते मान्य नाही, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसलोय म्हणून मी ते गिळून टाकणार नाही. चांगलं कोणतं हे ज्यांनी ठरवलं, ते कोण होते? छापलं कोणी, नेमलं कोणी, कपाटात लावलं कोणी?

१८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. तेच पुढे मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीत स्त्री बसायला १९६१ उजाडलं. ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. मग १९७५ साली कऱ्हाडला दुर्गाबाई भागवत. त्यानंतर एकवीस वर्षं कोणी नाही. १९९६ला आळंदीत शांता शेळके, २००१ला इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ला यवतमाळला अरुणा ढेरे, २०२५ला दिल्लीत तारा भवाळकर. २०२५पर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनं, सहा स्त्रिया. गुणवत्तेचा हा हिशेब कोणाला पटत असेल, त्यांनी उभं राहून सांगावं.

एवढं मोजायला हाताची बोटं पुरतात. हजारो पुस्तकं आणि शंभर वर्षांचे मासिकांचे अंक मोजायला ती पुरत नाहीत. तिथे संगणक हवा. २०१८ साली टेड अंडरवूड, डेव्हिड बॅमन आणि सॅब्रिना ली या अभ्यासकांनी इंग्रजीतल्या सुमारे एक लाख चार हजार कथा-कादंबऱ्या संगणकावर तपासल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजी कथात्म साहित्यातली जवळजवळ निम्मी पुस्तकं स्त्रियांची होती. १९६०च्या दशकापर्यंत हा वाटा चौथ्या हिश्श्यावर घसरला आणि मग पुन्हा चढला. ज्या काळात बायकांना मतदान मिळालं, पदव्या मिळाल्या, नोकऱ्या मिळाल्या, त्याच काळात कादंबरीतली त्यांची जागा आकसली! एकेक पुस्तक वाचून हे कोणाच्या लक्षात आलं नसतं. काळ पुढे सरकला की सगळं आपोआप सुधारतं, हा आपला लाडका समज त्या मोजणीने मोडून काढला.

मराठीत हे करायला सामग्री नाही, असं कृपा करून म्हणू नका. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची एकट्याच्या जिद्दीने करून ठेवली, पुढे १९५०पर्यंत आणली. ती संगणकावर चढवा आणि दशकवार विचारा: लेखिका किती, कोणत्या विषयात, कोणत्या गावच्या छापखान्यातून?

पण सावध राहा. नावावरून बाई की पुरुष ओळखणारं यंत्र आपल्याकडे पावलोपावली फसेल. आपले लेखक आद्याक्षरांमागे बसतात. किरण हे नाव दोघांचंही असतं. बाळूताई खरे, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकच बाई. यंत्र तिला तीन समजेल. पुण्या-मुंबईची नावं शिकवलेलं यंत्र धडगावच्या पावरा बाईचं नाव ओळखेल, ही आशा मला नाही. शिवाय जे भरलं तेवढंच ते मोजणार. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ची. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ती पुन्हा उजेडात आणली, तोवर मराठी वाचकाच्या लेखी ती जवळजवळ नव्हतीच. म्हणून नोंदणारा माणूस इथला हवा, आणि यादीत नाव नाही म्हणजे बाई लिहीत नव्हती, हा निष्कर्ष कोणी काढू नये.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलतो. २०११च्या जनगणनेत राज्यात सर्वांत कमी साक्षरता नंदुरबारची, आणि स्त्रियांची तर छप्पन टक्क्यांच्या आसपास. इथे छापील पुस्तकावरच्या नावालाच लेखक मानलं, तर निम्मा जिल्हा मोजणीआधीच बाद होतो. भिली, पावरी, मावची, अहिराणी गाणी गाणारी बाई लेखक नाही का? तिची गाणी टिपून घेणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर येतं, आणि ती आत उरते ‘एका वृद्धेने सांगितले’ एवढीच. याला मी संशोधन म्हणत नाही, बळकावणं म्हणतो.

आपलं विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाचं आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी उतरवून ठेवली, आचार्य अत्र्यांनी ती ओळखली आणि १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक आलं. घरात कवी मुलगा होता म्हणून! ज्यांच्या घरात नव्हता, त्या बहिणाबाई आपण गमावल्या.

दुसरी वाट दाखवलीय हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या संगणकावर आल्या, आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही आलं. तिथे बाई शोधाल तर नावानिशी सापडते.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीच्या एका बाईला मिळाला. बाईचं बोट आणि डोळा संगणकात घ्यायला सरकार डोंगरपायथ्यापर्यंत आलं. तिचं गाणं तिच्या नावावर घ्यायला आपण कधी जाणार? नजूबाई गावितांची ‘तृष्णा’ ही कादंबरी आपल्या किती ग्रंथालयांत आहे, हेही आज इथे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

म्हणून ठराव-बिराव नकोत. सहाही तालुक्यांतल्या ग्रंथपालांनो, दाखल नोंदवही उघडा. साध्या एक्सेलमध्ये ती उतरवा आणि लेखकाच्या रकान्यापुढे आणखी चार रकाने आखा: खरं नाव, स्त्री-पुरुष-अन्य की माहीत नाही, गाव, आणि संकलन असेल तर मूळ सांगणारं कोण. माहीत नसेल तिथे अंदाज ठोकू नका, तसंच लिहा. मराठीच्या प्राध्यापकांनो, विद्यार्थ्यांना ठराविक कवींवर शंभरावा प्रबंध देण्याऐवजी हे काम द्या. संकलकांनो, तुमच्या जुन्या वह्यांत गाणाऱ्या बायांची नावं असतील, तर पुढच्या आवृत्तीत ती मुखपृष्ठावर छापा. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात भाषणांच्या आधी हे आकडे वाचून दाखवा, तालुक्यानिशी.