जुन्या नांवांचा बाजार

जुनें घर विकत घेतांना शहाणा माणूस केवळ दर्शनी भिंतीचा रंग पाहून बयाणा देत नाहीं. मूळ मालक कोण, घरावर कांहीं बोजा आहे काय, मागें तंटाबखेडा झाला होता काय, याचा तो वकिलाकडून शोध करवितो. परंतु तोच मनुष्य इंटरनेटवरील जुनें नांव घेऊं लागला, म्हणजे ही सावधगिरी पुष्कळदां विसरतो. वस्तुतः येथेंही मिळकत जुनीच असते, आणि पूर्वीच्या धारकाची पुण्याई असो वा पाप असो, तें नांवाबरोबर नव्या धारकाच्या पदरीं पडतें.

इंटरनेटवरील संगणकांचे पत्ते मूळचे आंकड्यांचे. ते ध्यानांत ठेवणें कठिण, म्हणून त्यांस नांवें देण्यांत आलीं. आरंभीं या नांवांची एकच यादी ठेवीत. ती वाढूं लागली, तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं आजची विभागलेली व्यवस्था आंखून दिली. या नांवांस 'डोमेन' अशी संज्ञा आहे. डॉट कॉम या वर्गांतील पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं सिम्बॉलिक्स या अमेरिकन कंपनीनें नोंदविलें. त्या काळीं नोंदणीस पैसा पडत नसे. १९९५ पासून शुल्क सुरू झालें.

एक नांव एका वेळीं एकालाच मिळतें. त्यामुळें लहान व सुबोध नांवें लवकरच संपलीं, आणि उशिरां आलेल्यांस तीं पहिल्या धारकाकडून घेण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. 'बिझनेस डॉट कॉम' हें नांव १९९७ सालीं १,५०,००० डॉलरांस आणि १९९९ सालीं ७५ लाख डॉलरांस विकलें गेलें. 'व्हॉइस डॉट कॉम' या नांवास २०१९ सालीं ३ कोटि डॉलर मिळाले. अशा रकमा ऐकून पुष्कळांचे डोळे दिपतात. पण सोडतींतील पहिल्या बक्षिसावरून कोणी संसाराचा हिशेब मांडीत नाहीं.

खरी गोष्ट अशी कीं, डोमेन कोणाच्याही कायम मालकीचें होत नाहीं. वर्षाचें शुल्क भरावें व नांव वापरावें, असा हा भाडेपट्टाच होय. जुन्या नांवासाठीं जी मोठी रक्कम मोजावी लागते, ती मुंबईकरांच्या भाषेंत पागडी. पागडी कितीही दिली, तरी पुढें दरवर्षीं भाडें चुकतें करावेंच लागतें.

हें भाडें थकलें म्हणजे काय होतें? डॉट कॉम नांवाची मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी साधारणतः ४५ दिवसांपर्यंत सवलत देऊं शकते. या अवधींतच अनेक कंपन्या नांवाचा लिलाव मांडतात. पुढें नांव रद्द झाल्यावरही जुन्या धारकास तें दंड भरून सोडविण्यासाठीं ३० दिवस मिळतात. त्यानंतरचे ५ दिवस कोणालाच कांहीं करतां येत नाहीं, आणि मग नांव मोकळें होतें. त्या क्षणाची वाट पाहत यंत्रें टपून बसलेलीं असतात. हातानें तें मिळविण्याची आशा फारशी धरूं नये.

येथें विस्मरणाची किंमत जबर पडते. एखाद्या दुकानाचें किंवा शाळेचें नांव असें निसटलें, तर त्या नांवावर येणारा ई-मेलही नव्या धारकाच्या हातीं जाऊं शकतो. गिऱ्हाइकांचीं पत्रें, बँकेच्या सूचना, परवलीचा शब्द बदलण्याचे दुवे, सारें परक्याच्या दारांत. म्हणून व्यवसायाचें स्थलांतर झालें, तरी जुनें नांव कांहीं वर्षें तरी सोडूं नये, हेंच श्रेयस्कर.

घेणाऱ्यानें तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, नांवाचा पूर्वेतिहास. १९९६ सालीं स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहांत असंख्य स्थळांचीं जुनीं पानें पाहावयास मिळतात. तेथें जुगार किंवा फसवणुकीचा माल आढळला, तर त्या नांवावरून पाठविलेलीं पत्रें पुढेंही कचऱ्यांत पडण्याचा संभव असतो. केवळ जुन्या प्रतिष्ठेवर शोधयंत्रांत वर चढण्यासाठीं नांव घेणेंही आतां धोक्याचें आहे. मार्च २०२४ मध्यें गूगलनें हा प्रकार गैरवापर म्हणून आपल्या नियमांत स्पष्ट नोंदविला.

दुसरी गोष्ट व्यापारचिन्हाची. १९९९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें 'रेडिफ'शीं मिळतेंजुळतें 'रॅडिफ' हें नांव वापरण्यास मनाई केली, आणि २००४ सालीं सत्यम् इन्फोवेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें डोमेनला व्यापारचिन्हासारखेंच संरक्षण मिळूं शकतें असें ठरविलें. १९९९ पासून आंतरराष्ट्रीय लवादाचीही सोय आहे. नांव दुसऱ्याच्या चिन्हासारखें असणें, धारकाचा त्यावर न्याय्य हक्क नसणें आणि तें दुष्ट हेतूनें घेऊन वापरणें, हीं तीनही सिद्ध झालीं म्हणजे नांव काढून घेतलें जातें. मोजलेली पागडी मात्र लवाद परत देववीत नाहीं.

तिसरी गोष्ट पैशाची. अनोळखी विक्रेत्यास थेट रक्कम पाठवूं नये. विश्वासू मध्यस्थाकडे ती ठेवावी. नांव खरोखर आपल्या खात्यांत आल्यावरच त्यानें ती विक्रेत्यास द्यावी. 'नांव आज देतों, पैसे आधीं द्या' म्हणणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा.

इतकें करूनही भाव परवडत नसेल, तर हळहळण्याचें कारण नाहीं. २०१४ पासून 'डॉट भारत' या वर्गांत देवनागरी नांवेंही नोंदवितां येतात, आणि नव्या नांवावर कोणाचें जुनें ऋण नसतें. विकत घेतलेली प्रतिष्ठा टिकविण्यासही अखेर सचोटीच लागते. ती जवळ असेल, तर साध्या नांवाचेंही मोल वाढतें.