मुरगूड ते बेळगाव : वक्तृत्वाची टीम सीमा ओलांडते तेव्हा

हेडफोन लावलाय ना? नसेल तर लावा, कारण मागं आमच्या गल्लीतला ट्रॅक्टर चालूच आहे, त्याला काही आपला पॉडकास्ट कळत नाही.

आजचा भाग वक्तृत्व स्पर्धेच्या पोरापोरींसाठी. त्यातही जे परराज्यात स्पर्धेला जातात त्यांच्यासाठी. आता परराज्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर रेल्वे, दोन रात्री, बर्थवर झोपलेले सर असलं काहीतरी येणार. मुरगूडकरांचं तसं नाही. आपण देवगड-निपाणी रस्त्यावर राहतो. गाडीत बसलं, शेंगदाण्याची पुडी संपली, की निपाणी आली. वीसेक किलोमीटर. पाट्या कन्नडमध्ये सुरू. आपली वेदगंगा तर रोजच न विचारता पलीकडं जाते. निपाणीतून हायवेला लागायचं, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, काकती, की बेळगाव. सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. आमच्याकडून पुणं याच्या दुपटीपेक्षा लांब आहे. तरी पुण्याला जाताना पालक संमतीपत्रावर डोळे झाकून सही करतात आणि बेळगाव म्हटलं की विचारतात, "सर, तिकडं सगळं ठीक आहे न्हवं?"

हा प्रश्न उगीच नाही. फेब्रुवारी २०२५ आठवा. बेळगावात भाषेवरून एका बस कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्गात आपल्या एसटीच्या चालकाला काळं फासलं, आणि महाराष्ट्रानं कर्नाटकात जाणाऱ्या एसटी बंद ठेवल्या. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येही असंच झालं होतं. भाषण पाठ, युनिफॉर्मला इस्त्री, आणि गाडीच नाही! म्हणून टीम नेणाऱ्या सरांना माझं एकच सांगणं असतं : आदल्या दिवशी संध्याकाळी डेपोत फोन करून विचारा, आणि वडापवाल्या एखाद्या मामांना सांगून ठेवा. मुक्कामाची सोय कागदावर लिहून घ्या. बाकी सीमेवर पासपोर्ट लागत नाही, काळजी नको.

आता मुद्द्यावर येतो.

बेळगाव हे भाषण करायला सोपं गाव नाही. म्हणजे माणसं प्रेमळ आहेत, कुंदा देतील, पण ऐकणारा कान तयार आहे. तिथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे. आपल्या पणजोबांच्या आधीचं. त्याच वाचनालयाची बॅरिस्टर नाथ पै व्याख्यानमाला असते. नाथ पै कोण, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा, मला दिसत नाहीत ते सोडा. जन्म १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. शाळा बेळगावात. १९५७ पासून राजापूरचे खासदार. संसदेत ते बोलायला उभे राहिले की विरोधातले लोकही ऐकत बसायचे, अशी त्यांची ख्याती. १७ जानेवारीला सीमाभागात हुतात्मा दिन पाळतात, १९५६ च्या गोळीबारात गेलेल्यांचा. १९७१ च्या त्या दिवशी नाथ पै बेळगावात सभेत बोलले, आणि १८ जानेवारीला तिथंच हृदयविकारानं गेले. वय ४८. ज्या गावात असं शेवटचं भाषण झालं, त्या गावात आपण पाच मिनिटांचं भाषण घेऊन जातोय. टेन्शन देत नाही, माहीत असावं म्हणून सांगतोय.

अजून एक. मे १९४६ मध्ये बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. मराठी भाषकांचं एक राज्य हवं, ही मागणी जिथून जोरात उठली, तेच गाव १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे.

हे सगळं माहीत झालं की पोरं काय करतात? "माय मराठी" विषय आला की मुठी आवळतात आणि ओरडतात. मला तेच सांगायचंय. गेल्या हिवाळ्यात आमच्या बाजूच्या एका शाळेची तीन पोरं तिकडं गेली, मी गाडीत मदतनीस म्हणून होतो. आठवीतली एक मुलगी, भाषण सरांनी लिहिलेलं, त्यात "आम्ही रक्त सांडू" वगैरे. संकेश्वरला चहाला थांबलो. टपरीवाला कन्नडमध्ये बोलत होता, मग आमचं ऐकून मराठीत आला, मग गल्ल्यावर बसलेल्या पोराला परत कन्नडमध्ये ओरडला. तिनं विचारलं, "मामा, तुम्ही घरात काय बोलता?" तो म्हणाला, "आईसंगं मराठी, बायकोसंगं कन्नड, पोरासंगं जे सुचंल ते." पोरगी गाडीत गप्प बसली. मग वहीतला रक्ताचा परिच्छेद पेन्सिलनं खोडला आणि मला म्हणाली, "दादा, हे मामांसमोर म्हणता येणार नाही." सरांच्या चेहऱ्याकडं मी बघितलंच नाही.

तिनं स्पर्धेत काय सांगितलं? टपरी सांगितली. आपण अक्का म्हणतो, अण्णा म्हणतो, अडकित्ता म्हणतो, हे शब्द घाटाच्या पलीकडून आलेत हे सांगितलं. आणि मग विचारलं की माझ्याच वयाच्या बेळगावच्या मुलीला मराठी शाळा टिकेल का याची काळजी करावी लागते, मला मुरगूडमध्ये ती कधी करावी लागली नाही, तर मोठ्यानं ओरडायचा हक्क माझा की तिचा? सभागृहात पहिल्या ओळीतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. नंबर आला नाही. उत्तेजनार्थही नाही. परीक्षकांपैकी एकांनी उच्चारांचे गुण कापले, "पाणी"चं "पानी" झालं म्हणून.

या न-ण वर थोडं बोलू. ण शिकायचा, मी त्याच्या बाजूचा आहे. "मन" आणि "मण" यात फरक पडतो, माणूस समोर बसून ऐकणार असेल तर त्याला गोंधळात का टाका? जीभ टाळूला लावून रोज दहा मिनिटं, महिन्याभरात येतो. पण ण आला म्हणजे कोल्हापुरी हेल गेला पाहिजे असं नाही. काही मार्गदर्शक पोरांचा आवाज असा घासतात की मुरगूडचं पोर आणि मुंबईचं पोर एकाच बातमीवाल्यासारखं बोलतंय. ऐकताना झोप येते. हेल ठेवा, शब्द स्पष्ट ठेवा.

प्रवासाचं थोडं पटापट. तवंदी घाटात वही उघडायची नाही, उलटी येते, मग घसाही जातो. गाडीत मोठ्यानं सराव बंद, मनात म्हणा. वेळ मोबाईलवर लावा आणि दिलेल्या वेळेच्या अर्धा मिनिट आधी संपेल असं भाषण बसवा, कारण टाळी पडली तर तेवढी जागा लागते. इशाऱ्याची घंटा झाल्यावर नवा मुद्दा काढायचा नाही. आणि पोचल्यावर थेट सभागृहात जाऊन मागच्या रांगेत दहा मिनिटं बसा. आवाज कुठं घुमतो, पंखा कुठं खडखडतो, कळतं.

बेळगावला भाषणासाठी जाणारे आपण पहिले नाही, बरं का. ऑक्टोबर १८९२ मध्ये एक तरुण संन्यासी कोल्हापूरहून बेळगावला गेला. तिथं आधी भाटे यांच्याकडं आणि मग हरिपद मित्र यांच्या घरी राहिला. स्पर्धा नव्हती, माईक नव्हता, दिवाणखान्यात चारदोन माणसांशी बोलायचा. शिकागोच्या धर्मपरिषदेला जायचा विचार त्यानं मित्रांजवळ काढला होता. ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद तिथं बोलले ते सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र बेळगावातला तो दिवाणखाना जास्त आवडतो. सराव असाच होतो, समोर चार माणसं, त्यातला एक आडवे प्रश्न विचारणारा.

ती आठवीतली मुलगी आता नववीत आहे. परवा मेसेज आला : "दादा, टपरीवाल्या मामांच्या पोराची शाळा कुठली ते विचारायचं राहिलं. परत जाताना थांबूया." यंदाच्या टीममध्ये तिचं नाव आहे. गाडी तीच, ड्रायव्हर तेच, सर तेच. भाषण मात्र या वेळी तीच लिहितेय.

तुमच्या शाळेची टीम कुठं निघाली असेल तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत, घंटा माझ्याकडं आहे.