गवंडी यायच्या आधी टेप आपल्या हातात



प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलात स्वयंपाकाची जागा धरून किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट धरलेले असतात. सेनगाव असो की कळमनुरी, माप तेच. एवढ्याशा जागेत ओटा चुकला तर फोडून बांधायला पुन्हा गटाचंच कर्ज काढावं लागतं.

म्हणून आधी स्वतः मोजा. लेकराची चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे अर्धा फूट. दहा फुटांची भिंत वीस चौकटी. दार कुणीकडं उघडतं, खिडकी, मोरी, माठ, धान्याची कोठी, सगळं मांडा.

ओट्याची उंची आपल्या अंगावरून ठरवा. सरळ उभ्या राहून कोपर वाकवा. त्याच्या चार-सहा इंच खाली ओटा. पाच फुटांच्या बाईला साधारण ३२ इंच. सासू-सून दोघी रांधत असाल तर दोघींचं माप घेऊन मधलं धरा. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, हेही नकाशात दाखवा.

पुढच्या बैठकीला वही घेऊन या. एकमेकींचे नकाशे बघू, मगच गवंड्याला सांगावा धाडू.