शिलोहचें पाणी

जेरुसलेम म्हटलें कीं मंदिर, मशीद, चर्च आणि त्यांच्याभोंवतीं झालेल्या लढाया हींच चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. यहुदी लोकांचें या नगरीशीं नातें किती जुनें, हा प्रश्न तर हल्लीं मोठ्या तावातावानें विचारला जातो. त्याचें एक उत्तर जमिनीखालीं, खडकांत कोरलेलें होतें.

या डोंगरी शहराला बारमाही पाणी एकाच झऱ्याचें. त्याचें नांव गीहोन. झरा दरीच्या उतारावर. वेढा पडल्यास शत्रूच्या हातीं सहज लागेल असा. इ. स. पूर्वी ७०१ मध्यें अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा राज्यावर चालून आला. त्या काळच्या हिज्कीया राजानें पाणी शहरांत आणलें, असें बायबल सांगतें. आणि बहुतेक विद्वान ज्या बोगद्याला त्याचें काम मानतात, तो आजहि वाहता आहे. लांबी सुमारें १,७५० फूट. कामकऱ्यांच्या दोन टोळ्या दोन टोकांनीं खोदीत निघाल्या. वाट सरळ असती तर हजार-अकराशें फुटांत काम भागतें. पण बोगदा सापासारखीं वळणें घेत जातो. त्या अंधारांत टोळ्यांची गांठ पडली कशी, याबद्दल विद्वानांचें अजून एकमत नाहीं.

१८८० मध्यें पाण्यांत उतरलेल्या मुलांच्या नजरेस बोगद्याच्या भिंतीवर सहा ओळींचा एक लेख पडला. लिपि प्राचीन, भाषा मात्र हिब्रू, आजच्या यहुद्यांस पुष्कळशी ओळखीची वाटेल अशी. तीन हात खडक उरला असतां पलीकडच्या माणसाची हांक ऐकूं आली, मग टिकावासमोर टिकाव आला आणि पाणी तळ्याकडे धांवलें, एवढाच त्याचा आशय. आपल्या कोंकणांतील शिलाहारांच्या लेखांत राजाचीं बिरुदें असतात, दान मोडणारास शाप असतो. येथें राजाचें नांवहि नाहीं. बोलतात ते पाथरवट! मला हा लेख कोणत्याहि विजयस्तंभाहून अधिक विश्वासाचा वाटतो; तो कोणास कांहीं पटवून देण्यासाठीं लिहिलेला नाहीं.

पुढें इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्यानें मंदिर जाळलें. पुन्हां उभारलेलें मंदिर इ. स. ७० मध्यें रोमनांनीं पाडलें, आणि १३५ नंतर सम्राट हेड्रियननें यहुद्यांना शहरबंदीच केली. सातव्या शतकांत अरबांचा अंमल आल्यावर त्यांना तेथें पुन्हां राहतां येऊं लागलें. दूरदेशीं गेलेल्यांचें नातें टिकलें तें प्रार्थनेच्या दिशेंत. मराठी बोलणारे आपले अलीबाग-पेणचे बेने इस्राएल प्रार्थनेच्या वेळीं पश्चिमेकडे तोंड करतात, तें जेरुसलेम त्या दिशेस आहे म्हणून.

तो लेख १८९० च्या सुमारास चोरट्यांनीं खडकांतून कापून काढला. त्यांत तो फुटला. शहर त्यावेळीं तुर्कांच्या साम्राज्यांत असल्यामुळें तुकडे इस्तंबूलच्या संग्रहालयांत गेले, ते आजहि तेथेंच आहेत. बोगद्याच्या वर सिल्वान नांवाची अरब वस्ती आहे. तेथील कुटुंबांचेंहि या पाण्याशीं नातें पिढ्यान्‌पिढ्यांचें. आणि सिल्वान हें नांव पाणी जेथें पडतें त्या जुन्या शिलोह तळ्याच्याच नांवावरून आलेलें आहे.