अस्वलाच्या दातांची साक्ष

प्राण्याच्या स्वभावाची साक्ष त्याच्या डोळ्यांत शोधावी ही कवींची रीत. प्राणिशास्त्रज्ञ ती त्याच्या दातांत शोधतो. ही साक्ष सहसा खोटी ठरत नाही. मात्र ती अर्धवट ऐकली, तर केवढा घोटाळा होतो, याचे उदाहरण मेळघाटापासून श्रीलंकेपर्यंतच्या रानांत वावरणाऱ्या आपल्या काळ्या अस्वलाने घालून दिले आहे.

१७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने या जनावराला नाव दिले, ते अस्वलाचे नव्हे, तर 'स्लॉथ'चे! दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटे लोंबकळत राहणारा तो सुस्त प्राणी. लांब बाकदार नख्या आणि वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नाहीत, एवढ्यावरून हे नाते जुळवले गेले. पुढे चूक दुरुस्त झाली, प्राणी अस्वलांच्या कुळात आला. पण इंग्रजी नावातला 'स्लॉथ' आजतागायत त्याला चिकटून आहे.

खरे पाहता, सबंध कवटी हाती घेतली असती, तर संशयाला जागाच नव्हती. अस्वल हे मांसाहारी गणातले. पूर्वजांची खूण म्हणून सुळे त्याच्याजवळ आहेत. परंतु वाघाच्या जबड्यात मांस कात्रीसारखे कापणारी जी धारदार दाढ असते, तिची धार अस्वलाने गमावली आहे. त्याच्या मागच्या दाढा रुंद, सपाट आणि उंचवट्यांच्या. फळे, मुळे, कंद चिरडण्याजोग्या. सुळ्यामागच्या उपदाढा तर इतक्या लहान की, पुष्कळदा त्या गळूनही पडतात. सुळे शिकाऱ्याचे आणि दाढा फलाहाऱ्याच्या, असा हा संसार आहे.

बहुतेक अस्वलांना बेचाळीस दात असतात. आपल्या अस्वलाला चाळीस. उणे असलेले दोन म्हणजे वरच्या ओळीतले मधले पटाशीचे दात. ते नाहीत, म्हणून तेथे एक फट राहिली आहे. त्या फटीमागे टाळू लांब, रुंद आणि खोलगट आहे. अस्वल नख्यांनी वारूळ फोडते, आधी फुंकर घालून माती उडवते, मग नाकपुड्या मिटून घेते आणि लांबवलेल्या ओठांची नळी करून वाळवी आत ओढते. शॉ यांना जे वैगुण्य वाटले, ते वस्तुतः वाळवीसाठी उघडे ठेवलेले दार होते. वाळवी चावावी लागत नाही; म्हणून या अस्वलाच्या दाढाही इतर अस्वलांच्या मानाने लहानच.

दातात केवळ आहारच नव्हे, तर आयुष्यही नोंदलेले असते. मुळाभोवती दरवर्षी एक पातळ थर चढतो. उपदाढेचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की, झाडाच्या खोडातल्या वलयांप्रमाणे हे थर मोजून वय सांगता येते. अमेरिकेतील काळ्या अस्वलांच्या माद्यांत पिले वाढवण्याच्या वर्षीचा थर अधिक बारीक उमटतो, असेही आढळले आहे. आईपणाची झीज दाताने टिपून ठेवावी, ही केवढी नवलाची गोष्ट!

पण काही कवट्या निराळीच कहाणी सांगतात. त्यांत पटाशीच्या दातांची नैसर्गिक फट तर आहेच, शिवाय सुळेही नाहीत. त्यांच्या खाचा हाडाने भरून आल्या आहेत. ही दरवेशाच्या अस्वलाची कवटी. पिलू असतानाच त्याचे सुळे तोडले किंवा उपटले जात आणि नाकातून दोर ओवला जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला संरक्षण दिले. तरी डमरूच्या तालावरचा तो नाच रस्त्यांवरून जवळजवळ नाहीसा व्हायला २००९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत कित्येक दरवेशी कुटुंबांनाही पोटापाण्याचा दुसरा मार्ग शोधून द्यावा लागला.

एकाच जबड्यातल्या या दोन उणिवा. एक निसर्गाने घडवली आणि प्राण्याला अन्न मिळवून दिले. दुसरी माणसाने केली आणि प्राण्याचे रान हिरावून घेतले. हाड दोहोंची नोंद सारख्याच प्रामाणिकपणे ठेवते. ती वाचणाऱ्याने मात्र शॉ यांच्यासारखी घाई करू नये.