फरशी मोजणाऱ्या यंत्राचीही तपासणी हवी

(सुरक्षा समित्यांवरील कामगार प्रतिनिधींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही उपकरण देखभाल विभागातले कामगार. मोजमापाची यंत्रे उघडणे, साफ करणे, पुन्हा जुळवून देणे हे आमचे रोजचे काम. भाषणाची आम्हाला सवय नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकजण सुरक्षा समितीवर आहात. कामगार घसरून पडला की समितीपुढे एक कागद येतो : "फरशीची चाचणी घेतली, फरशी सुरक्षित आहे." हा आकडा ज्या यंत्रातून येतो, त्या यंत्राविषयी आज बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या दूध प्रकल्पात कामाला होतो, तेथे क्रेट धुण्याच्या विभागात आमची एक भगिनी ओल्या फरशीवर घसरली. मनगट मोडले. व्यवस्थापनाने फरशीची चाचणी घेतली, आकडा आला 38. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने घातलेल्या मर्यादा सगळीकडे आधाराला घेतल्या जातात : 24 पर्यंत घसरण्याचा धोका मोठा, 25 ते 35 मध्यम, 36 आणि त्यावर कमी. म्हणजे फरशी निर्दोष ठरली. मग दोष कोणाचा? बाईच्या निष्काळजीपणाचा! युनियनने हरकत घेतली, पण छापील आकड्यापुढे कोण काय बोलणार? आम्ही एवढीच मागणी केली की, हे यंत्र आमच्यासमोर एकदा मोकळे झुलवून दाखवा.

ही मागणी का केली, ते कळण्यासाठी यंत्राची रचना समजून घेतली पाहिजे. हे लोलकाचे यंत्र आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये 1940 च्या दशकात सिग्लर यांनी ते तयार केले आणि पुढे इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने त्यात सुधारणा केली. सुमारे दीड किलोचा लोलक आडव्या स्थितीतून सोडतात. त्याच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेला रबराचा तुकडा असतो, त्याला स्लायडर म्हणतात. हे रबर ओल्या फरशीला घासत जाते आणि लोलक दुसऱ्या बाजूला वर चढतो. चढताना तो एक काटा ढकलत नेतो. लोलक परतला तरी काटा जागीच राहतो. फरशी गुळगुळीत असली तर लोलकाचा जोर फारसा खर्च होत नाही, तो उंच जातो आणि आकडा लहान येतो. फरशीने रबर धरून ठेवले तर लोलक कमी चढतो, आकडा मोठा येतो. फरशीला न लावता हवेतच झुलवला तर काटा शून्यावर गेला पाहिजे.

आता नीट ध्यानात घ्या. या यंत्राला फक्त एवढेच कळते की लोलकाचा जोर किती खर्च झाला. तो फरशीवर खर्च झाला की बेअरिंगमधल्या धुळीवर, हे यंत्राला कळत नाही. बेअरिंग जड झाले, काटा घट्ट झाला, तरी लोलक कमीच चढणार आणि आकडा मोठाच येणार. म्हणजे देखभाल नसलेले यंत्र बहुधा फरशीच्या बाजूने खोटे बोलते, कामगाराच्या विरुद्ध बोलते. म्हणून ही देखभाल नुसती कारागिरी नाही, ती न्यायाची बाब आहे.

आमच्यासमोर यंत्र झुलवले तेव्हा काटा शून्यावर गेला नाही, 4 वर थांबला. चाचणीपूर्वी ही तपासणी कोणी केलेलीच नव्हती.

तेव्हा प्रतिनिधींनी काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, पाणसळ. तळाचे तीन स्क्रू फिरवून यंत्र समतल करावे लागते. बुडबुडा मध्यावर नसेल तर पुढे काही वाचू नये.

दुसरी, शून्याची तपासणी. चाचणीच्या आधी आणि नंतरही लोलक हवेत झुलवून काटा पाहावा. येथे एक लबाडी चालते, कधी अजाणतेपणी. काट्याचे घर्षण कमीजास्त करण्याची सोय यंत्रात असते. बेअरिंग जड झाले असले तरी काटा सैल करून शून्य आणता येते. शून्य दिसते, पण रोग आत तसाच राहतो. म्हणून काटा बाजूला ठेवून लोलक मोकळा झुलू द्यावा. झोके हळूहळू, एकसारखे लहान होत गेले पाहिजेत. तो अडखळला, लवकर थांबला, तर बेअरिंग काढून साफ करण्याची वेळ झाली. आपल्या मनाने त्यात तेल सोडू नये. जाड तेलात धूळ बसते आणि दुखणे वाढते.

तिसरी गोष्ट, रबर. बूट घातलेल्या पायासाठी 96 क्रमांकाचे कडक रबर, अनवाणी पायासाठी मऊ रबर वापरतात. रबर जुने होते, ऊन आणि उष्णतेने बिघडते, तेलाने खराब होते. कडा झिजली की ते बदलावे. चाचणीपूर्वी 400 नंबरच्या पॉलिश पेपरवर आणि नंतर अगदी बारीक लॅपिंग फिल्मवर रबर घासून तयार करतात. दुसरी पायरी गाळली तर रबर खरखरीत राहते आणि गुळगुळीत ओल्या लादीवर आकडा फुगतो. वापर झाल्यावर रबर काढून, पुसून, सावलीत पेटीत ठेवावे.

चौथी, घासण्याची लांबी. सपाट फरशीवर रबर सुमारे 126 मिलिमीटर घासले गेले पाहिजे. त्यासाठी यंत्रासोबत पट्टी येते. लांबी जास्त ठेवली की आकडा पुन्हा फरशीच्या बाजूने वाढतो. रबर तयार झाल्यावर ओल्या काचेसारख्या ठरावीक पृष्ठभागावर यंत्र पारखून मगच फरशीकडे जावे.

पाचवी, कॅलिब्रेशन. लोलकाचे वजन, गुरुत्वमध्य, स्प्रिंगचा दाब हे कारखान्यात पाहता येत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा यंत्र स्वतंत्र प्रयोगशाळेकडे गेले पाहिजे. आणि या सर्वांची तारीखवार नोंदवही हवी. नोंदवही नसेल तर देखभाल झाली असे मानू नका.

मित्रहो, 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 32 मध्ये फरशा सुस्थितीत आणि घसरवणाऱ्या पदार्थांपासून मुक्त ठेवण्याचे बंधन होते. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली आहे. या संहितेतही आपल्या सुरक्षिततेची माहिती मालकाकडे मागण्याचा कामगाराला हक्क आहे, आणि सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. हा हक्क वापरायचा तर काय मागायचे हे ठाऊक हवे. नुसता आकडा मागू नका. यंत्राची नोंदवही मागा, कॅलिब्रेशनचा दाखला मागा, शून्याची तपासणी समोर करायला सांगा. आणि चाचणी कोरड्या, धुतलेल्या फरशीवर नको. पाळी चालू असताना फरशी जशी ओली असते तशी ती ओली करून घ्या.

आमच्या प्रकल्पात पुढे काय झाले? बेअरिंग साफ केले, रबर बदलले, यंत्र प्रयोगशाळेतून तपासून आणले. त्याच जागी, तशाच ओल्या फरशीवर पुन्हा चाचणी झाली. आकडा आला 33. निष्काळजीपणाचा शेरा मागे घ्यावा लागला. क्रेट धुण्याच्या जागी पाण्याचा निचरा नीट झाला आणि फरशी बदलली. ते यंत्र साफ करायला आम्हाला अर्धा दिवसही लागला नव्हता. पण तेवढ्यासाठी त्या भगिनीला तीन महिने दोषी म्हणून वावरावे लागले.

यंत्राला पक्ष नसतो असे म्हणतात. सांभाळलेल्या यंत्राला नसतो, हे खरे. ते सांभाळले जाते की नाही, यावर आपण लक्ष ठेवू या.